लाइटरूम क्लासिकमधील डीहेझ : काम चोख, जागा चुकीची

दूरच्या डोंगररांगांचा फोटो संगणकावर उघडला की बहुतेकांची तक्रार एकच असते. प्रत्यक्षात ज्या रांगा एकामागून एक वेगळ्या दिसत होत्या, त्या फोटोत राखाडी-निळसर पट्ट्या होऊन एकमेकींत मिसळलेल्या असतात. या तक्रारीवर उपाय म्हणून अडोबीने जून 2015 मध्ये लाइटरूम या आपल्या फोटो-संपादन सॉफ्टवेअरमध्ये ‘डीहेझ’ (धूसरपणा काढणे) हा स्लायडर, म्हणजे सरकवून कमी-जास्त करता येणारे नियंत्रण, आणला. सुरुवातीला तो इफेक्ट्स पॅनेलमध्ये होता आणि फक्त संपूर्ण फोटोवर चालत असे; 2016 मध्ये तो ब्रश आणि ग्रेडियंटबरोबर वापरता येऊ लागला आणि एप्रिल 2018 मध्ये लाइटरूम क्लासिकच्या बेसिक पॅनेलमध्ये क्लॅरिटीच्या शेजारी येऊन बसला. उणे 100 ते अधिक 100 एवढी त्याची व्याप्ती आहे. निसर्गचित्रणासाठी तो मी सातत्याने वापरतो आणि माझे मत स्पष्ट आहे: धूसरपणा कमी करण्याचे हे साधन उत्तम आहे, पण संपूर्ण फोटोवर काम करणारे बेसिक पॅनेल ही त्याची योग्य जागा नव्हे. त्याचा खरा उपयोग मास्कच्या, म्हणजे फोटोच्या निवडलेल्या भागाच्या, आत होतो.

असे म्हणण्याचे कारण धूसरपणा निर्माण कसा होतो यात आहे. हवेतील बाष्पाचे थेंब, धूळ आणि धूर यांच्या सूक्ष्म कणांमुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. डोंगराकडून कॅमेऱ्याकडे येणारा प्रकाश वाटेत विखुरला जाऊन कमी होतो आणि त्याच वेळी भोवतालचा सूर्यप्रकाश त्याच कणांवरून विखुरून लेन्समध्ये शिरतो. पहिल्या क्रियेत तपशील जातो, दुसऱ्या क्रियेत त्यावर एक फिकट पडदा चढतो आणि दोन्ही परिणाम अंतराबरोबर झपाट्याने वाढतात. एका ठरावीक अंतरात डोंगराचा निम्मा प्रकाश टिकत असेल, तर दुप्पट अंतरावर पाव आणि तिप्पट अंतरावर आठवा हिस्साच टिकतो. म्हणजे समोरच्या झाडाला दुरुस्तीची गरजच नसते, मधल्या रांगेला थोडी असते आणि शेवटच्या रांगेला पुष्कळ असते.

याचा अर्थ डीहेझ सगळ्या फोटोवर सरसकट एकच प्रमाण लावतो असा नाही. हे साधन प्रकाशाच्या विकिरणाच्या भौतिक प्रारूपावर आधारलेले आहे आणि फोटोच्या कोणत्या भागात किती पडदा आहे, याचा अंदाज ते स्वतः बांधते. असा अंदाज एकाच फोटोवरून कसा बांधता येतो, हे काइमिंग ही, जियान सुन आणि शिआओऊ तांग यांनी 2009 मध्ये मांडलेल्या एका गाजलेल्या पद्धतीवरून चांगले समजते. स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोत आकाश सोडून कुठलाही लहानसा तुकडा घेतला, तर त्यातील काही बिंदूंचा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी किमान एक रंग जवळजवळ शून्याला टेकलेला असतो. कुठे सावली असते, कुठे गडद पान असते, कुठे काळा खडक असतो. ज्या तुकड्यात सर्वांत गडद बिंदूही फिकट आहे, तिथे तो फिकटपणा हवेचा आहे असे मानून तेवढा भाग वजा करायचा, ही ती कल्पना. कल्पना सुंदर आहे, पण ढग, बर्फ, धबधब्याचा फेस आणि खुद्द आकाश या मुळातच फिकट असलेल्या गोष्टींपाशी ती फसते. लाइटरूमच्या निकालांतही नेमक्या याच ठिकाणी गडबड दिसते.

एक नमुना घेऊन सांगतो. खाली गवत आणि काळा खडक, त्यामागे एकामागे एक चार डोंगररांगा, वर विरळ ढगांचे आकाश, अशी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो) आहे. बेसिक पॅनेलमधील डीहेझ 20 वर नेला की तिसरी आणि चौथी रांग एकमेकींपासून सुटतात आणि तिसऱ्या रांगेच्या माथ्यावरील झाडांची किनार ओळखता येऊ लागते. इथपर्यंत समाधान आहे. 40 वर खडकाखालची सावली बंद होते, हिस्टोग्राम (फोटोतील गडद-फिकट छटांचा आलेख) डाव्या, म्हणजे गडद, कडेला जाऊन चिकटतो आणि गवताचा हिरवा रंग जड होतो, वास्तविक त्या गवताला कसलीच अडचण नव्हती. 70 वर आकाशाचे वरचे कोपरे काळवंडतात, शेवटच्या रांगेच्या कडेने पांढुरकी रेघ उमटते आणि सेन्सरवरील धुळीचे जे डाग आजवर दिसत नव्हते, ते आकाशात गोल ठिपक्यांच्या रूपाने उघडे पडतात. आणि गंमत नव्हे, खेदाची बाब अशी की ज्या चौथ्या रांगेसाठी हे सगळे केले, तिला खरी गरज याहूनही जास्त प्रमाणाची होती.

आता हेच काम मास्कमध्ये करून पाहावे. वरून खाली एक लीनियर ग्रेडियंट (हळूहळू विरळ होत जाणारा मास्क) जवळच्या रांगेच्या पायथ्यापर्यंत ओढायचा आणि आकाश आपोआप निवडणारे ‘सिलेक्ट स्काय’ वापरून त्यातून आकाश वजा करायचे. ऑक्टोबर 2021 मध्ये नवे मास्किंग पॅनेल आल्यापासून हे काही क्षणांचे काम झाले आहे. या मास्कमध्ये डीहेझ 25 ठेवायचा. मग फक्त मागच्या दोन रांगांवर, पुन्हा आकाश वगळून, दुसरा ग्रेडियंट घालून त्यात आणखी 20 द्यायचा. दोन मास्क जिथे एकमेकांवर येतात तिथे परिणामांची बेरीज होते, त्यामुळे अंतराप्रमाणे दुरुस्ती वाढत जाते आणि समोरचे गवत जसेच्या तसे राहते. शेवटी दोन्ही मास्कमध्ये एक्स्पोजर किंचित वाढवून सॅच्युरेशन थोडे उतरवले की डोंगर वेगळे दिसतात आणि तरीही दूरचे वाटतात. हा दूरपणा राखणे मला फार महत्त्वाचे वाटते. वर उल्लेखिलेल्या 2009 च्या पद्धतीतही थोडा धूसरपणा मुद्दाम शिल्लक ठेवण्याची तरतूद आहे, कारण तो पूर्ण काढला तर चित्रातील खोलीच नाहीशी होते.

रंगाच्या बाबतीत डीहेझचे वागणे धूसरपणाच्या जातीवर अवलंबून असते. बाष्पाच्या थेंबांमुळे आलेला धूसरपणा पांढुरका असतो आणि तो हे साधन फार सफाईने काढते. स्वच्छ हवेतही लांबच्या डोंगरांवर जी निळाई असते, ती मात्र हवेच्या रेणूंमुळे येते. 400 नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश 700 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा नऊ पटींहून अधिक विखुरतो. अशा फोटोत डीहेझ वाढवला की निळाई कमी होण्याऐवजी गडद होते आणि डोंगरांना शाई फासल्यासारखे दिसते. त्याच मास्कमध्ये टेंपरेचर थोडे पिवळ्याकडे न्यावे आणि सॅच्युरेशन कमी करावे, म्हणजे हा दोष बऱ्याच अंशी आवरतो. फोटो कृष्णधवल करायचा असेल तर काम आणखी सोपे आहे: मिक्सरमध्ये निळा खाली आणला की पडदा डीहेझशिवायच विरळ होतो.

नॉइजबद्दल, म्हणजे फोटोतील खरखरीत दाण्यांबद्दल, जरा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या साधनाचे गुणगान करताना हा भाग सहसा वगळला जातो. शेवटच्या रांगेचा केवळ पाचवा हिस्सा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला असेल, तर तिचा मूळ कॉन्ट्रास्ट परत आणण्यासाठी शिल्लक फरक पाचपट करावा लागतो, आणि त्याबरोबर तिथला नॉइजही पाचपट होतो. पडद्याचा प्रकाश वजा करता येतो, त्याने आणलेला नॉइज वजा करता येत नाही. म्हणून कमी आयएसओवर (प्रकाशासाठीच्या संवेदनशीलतेच्या कमी आकड्यावर), हायलाइट्स जळणार नाहीत इतपत भरपूर एक्स्पोजर देऊन काढलेली रॉ फाइल आणि फोनमधून आलेली जेपेग यांच्यात डीहेझ जमीन-अस्मानाचा फरक दाखवतो. आठ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. फिकट आकाशातील मोजक्या पायऱ्या ताणल्या की जेपेगमध्ये पट्टे उमटणारच. रॉ फाइलवर डीनॉइज आधी चालवून, लेन्स प्रोफाइलने कोपऱ्यांचा काळसरपणा काढून आणि व्हाइट बॅलन्स ठरवूनच डीहेझला हात लावावा. कोपरे आधीच गडद असतील तर ते आणखी गडद होतात.

हलक्या धूसरपणासाठी ब्लॅक्स (सर्वांत गडद छटांचा स्लायडर) थोडे खाली आणणे अनेकदा पुरेसे असते. क्लॅरिटी हा मात्र डीहेझचा पर्याय नाही. ती मध्यम छटांतील स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवते, पडदा तसाच राहतो. पोलरायझिंग फिल्टरची जागा तर कुठलेच सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही, कारण सूर्याशी काटकोन करणाऱ्या दिशेला विखुरलेल्या प्रकाशाचा मोठा वाटा तो सेन्सरवर पडण्यापूर्वीच अडवतो. दाट धुक्यात डोंगराचा प्रकाश जवळजवळ पोहोचलेलाच नसेल, तर स्लायडर 100 वर नेऊनही केवळ खरखरीत राखाडी रंग हाती येतो. अशा वेळी उलट करून पाहावे: मागच्या भागावर उणे 10 ते 15 दिले की विस्कळीत पार्श्वभूमी शांत होते आणि समोरचे झाड उठून दिसते. उणे बाजूचा हा उपयोग मला विशेष आवडतो.

लाइटरूमसाठी वर्गणी भरावी लागते, त्यामुळे विनामूल्य पर्यायांचाही विचार करायला हवा. डार्कटेबल या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये डिसेंबर 2017 च्या 2.4 आवृत्तीपासून धूसरपणा काढण्याचे मोड्यूल आहे आणि त्यात तीव्रतेबरोबरच अंतरासाठी वेगळा स्लायडर दिलेला आहे. म्हणजे किती लांबपर्यंतचा पडदा काढायचा हे वापरणाऱ्याला ठरवता येते. मास्कवर वेळ द्यायची तयारी असेल, तर निकाल लाइटरूमच्या अगदी जवळ जातो, मात्र आकाश वेगळे करण्याचे काम हातानेच करावे लागते. रॉथेरपी या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे साधन 5.5 आवृत्तीपासून आहे. निकालाच्या सफाईत ते मला थोडे मागे वाटते, पण त्यात टिक करण्याची एक चौकट अशी आहे की ती निवडताच सॉफ्टवेअरने अंदाजलेला खोलीचा नकाशा, म्हणजे कोणता भाग किती दूर आहे याचे चित्र, संगणकाच्या पडद्यावर दिसतो. ढगाला किंवा बर्फाला त्याने दूरचे समजले आहे का, हे तिथल्या तिथे कळते आणि मास्क कुठे घालायचा याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही. लाइटरूमच्या मास्किंग पॅनेलमध्ये डीहेझसाठी हा नकाशा दाखवण्याची सोय अडोबीने अवश्य करावी.