सारखं हरताय? आधी इक्विलॅब लावून बघा

पोकरमध्ये सारखं हरायला लागलं की आपल्याकडे एकच ऐकू येतं, "तुनं नशीबच खराब शे भो". नशीब असतंच, नाही कोण म्हणतंय, पण हरण्यात नशीब किती आणि खेळ किती हे वेगळं करून बघता आलं पाहिजे, आणि इक्विलॅब, म्हणजे पोकरमध्ये जिंकायचे टक्के काढून देणारं सॉफ्टवेअर, तेवढं एक काम फार चांगलं करतं, तेपण फुकटात. विंडोजचा साधा लॅपटॉप पुरतो. कुठला महागडा कोर्स लावायच्या आधी हे टाकून घ्या असं मी मनापासून सांगेन.

वापरायला सोपं आहे. आपले दोन पत्ते भरायचे, समोरच्याचे भरायचे, टेबलावर सगळ्यांसाठी जे पाचपर्यंत पत्ते उघडतात, त्यातले उघडलेले असतील ते भरायचे आणि बटण दाबायचं, कोणाचे जिंकायचे किती टक्के चान्स ते येतं. आता समोरच्याचे पत्ते आपल्याला कुठे माहीत असतात, तर त्याच्यासाठी रेंज भरायची, म्हणजे हा माणूस एवढा रेज मारतोय, म्हणजे चिप्स वाढवून लावतोय, तर त्याच्याकडे काय काय असू शकतं ते सगळं. त्याला 13 बाय 13 चा तक्ता दिलाय, 169 चौकोन, एकेक चौकोन म्हणजे हातातल्या दोन पत्त्यांचा एकेक प्रकार, त्यात क्लिक करत जायचं. खरी शिकवणी ह्या तक्त्यातच आहे.

माझा भुसावळचा चुलतभाऊ दिवाळीपासून सारखा हरत होता. पैशाचा विषय नाही हां, ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशाचं ऑनलाइन पोकर बंद झालं, आमचा खेळ घरचाच, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर. पण पोरगा पार खचला होता, पत्ते हातात घेतानाच चेहरा पडलेला असायचा. मी त्याला म्हटलं हरलेले डाव आठवतील तसे मोबाईलमध्ये लिहून ठेव, मग दोघं लॅपटॉप घेऊन बसलो.

पहिली तक्रार त्याची ठरलेली, "दादा, दोन एक्के असून हरलो, समोर दोन राजे होते". भरून बघितलं तर एक्क्यांचे 82 टक्के, म्हणजे जवळपास पाचातून एकदा राजे जिंकणारच, आणि असं लागोपाठ दोनदा होणं शंभरातून तीनदा तरी होतंच. ते नशीब, ते सोडून दे म्हटलं. पण मग समोर चार जण भरले, चौघांकडे काहीही पत्ते, तर तेच एक्के 56 वर आले! तो बघतच राहिला. आमच्याकडे सगळे तीन पत्तीतून आलेले, कुणी पॅक करायला तयार नाही, प्रत्येकाला पुढचा पत्ता बघायचाच असतो, आणि हा पठ्ठ्या एक्के आले की कुणी पळून जाऊ नये म्हणून एवढासा रेज करायचा. अशा टेबलावर आधीच मोठा रेज मारून गर्दी कमी करायची हे मी त्याला तोंडाने आधीही सांगितलं होतं, पटलं ते हा आकडा बघून.

दुसरा डाव एक्का-नव्वीचा. टेबलावर एक काका आहेत, रात्रभर गप्प बसतात आणि रेज मारला की समजायचं काहीतरी आहे. त्यांची रेंज आम्ही भरली, दहाच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. त्यांच्यासमोर एक्का-नव्वी तीस टक्क्यांच्याही खाली जाते. आपला एक्का लागला तरी बऱ्याचदा त्यांच्याकडेही एक्का असतो आणि त्याच्यासोबतचा दुसरा पत्ता आपल्या नव्वीपेक्षा मोठा. भाऊ मात्र एक्का दिसला की कॉल, म्हणजे समोरच्याने लावलं तेवढं लावून पुढे खेळणार.

आणि सगळ्यात जास्त चिप्स जात होत्या कलरच्या, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पत्त्यांच्या, नादात. दोन बदाम हातात, टेबलावरच्या तीन पत्त्यांत दोन, अजून दोन पत्ते यायचेत, तर कलर व्हायचा चान्स 35 टक्के. पण टर्नला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पत्त्याला, बदाम आला नाही की एकच पत्ता उरतो आणि चान्स येतो वीसच्या आसपास. आता पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 400 आहेत, समोरच्याने 300 लावले, म्हणजे आपले धरून हजारच्या पॉटसाठी आपले 300 जाणार, निदान तीस टक्के तरी पाहिजेत, आपल्याकडे वीस, सरळ टाकून द्यायचे पत्ते. त्याने 100 च लावले असते तर 600 मध्ये आपले 100, सतरा टक्के पुरले असते, मग बिनधास्त कॉल. तो दोन्ही वेळा कॉलच करायचा. हे नशीब नव्हतं, हे सुधारता येणारं होतं, आणि सुधारतंय पण.

कमी काय वाटलं तर, बेट किती लावायची, ब्लफ कधी मारायचा, हे इक्विलॅब सांगत नाही, त्याचं ते कामच नाही. त्याच्यासाठी पायोसॉल्व्हरसारखी सॉल्व्हर, म्हणजे डावाची सगळ्यात बरोबर चाल काढून देणारी, सॉफ्टवेअर आहेत, पण ती विकतची, शिकायला जड, आणि समोरचा एकदम परफेक्ट खेळतोय असं धरून चालतात, घरच्या टेबलावर त्याचा काय उपयोग. मेनू मराठीत नाही, पण तक्ता आणि आकडे कुणालाही कळतात, दहावीतलं पोरगंही चालवेल.

एकच सांभाळा, रेंज भरताना समोरच्याला मुद्दाम येडा ठरवू नका, म्हणजे "तो काहीही घेऊन खेळतो" म्हणून सगळे चौकोन रंगवले की आपला प्रत्येक कॉल बरोबरच दिसतो. त्याने आधी कशाकशावर रेज मारला होता ते आठवून तेवढंच भरा, आणि डाव त्याच रात्री लिहून ठेवा, सकाळपर्यंत निम्मे पत्ते विसरलेले असतात.