गौडसारंग आणि वरून लिंबू पिळलेला चिवडा

१९९३ साली लग्न होऊन मी सटाण्याहून नाशकात आले. घर जुन्या नाशकात, रविवार कारंजा चालत दहा मिनिटांवर. तरी नाशिकचा चिवडा मी नीट खाल्ला तो गेल्या वर्षी. पंडित द. वि. पलुस्करांचं गाणं लक्ष देऊन ऐकलं तेही गेल्या वर्षीच, त्याच दुपारी, त्याच खोलीत. दोन्ही गोष्टी मैत्रिणींनी दिल्या, म्हणून दोन्हींबद्दल एकत्रच लिहितेय.

चिवडा माहीत नव्हता असं नाही. सासूबाई दिवाळीत पातळ पोह्यांचा करायच्या, बेताचा तिखट, चिमूटभर साखर घातलेला, आणि तो फार छान व्हायचा. बाजारचा चिवडा म्हणजे मात्र पाहुणे परत निघाले की त्यांच्या पिशवीत घालायची वस्तू. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी मी किती पुडे आणले असतील! स्वतः एकही फोडला नाही. त्यात एकदा घाईघाईत कुठल्याशा दुकानातून घेतलेला पुडा खवट निघाला. नणंदेनं फोन करून सांगितलं आणि मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की बाजारचा चिवडा मनातूनच उतरला.

निवृत्त झाल्यावर आम्ही तिघी दर गुरुवारी दुपारी भेटू लागलो. एक माझी बँकेतली मैत्रीण, भद्रकालीत लहानाची मोठी झालेली. दुसरी पंचवटीतली, तिनं चाळीस वर्षं मुलांना गाणं शिकवलं. तिच्याच घरी, गोदावरीच्या बाजूच्या खोलीत आम्ही जमतो.

पहिल्याच गुरुवारी भद्रकालीवाली कोंडाजी चिवड्याचा पुडा घेऊन आली. हे नाव नाशिकबाहेरही सगळ्यांना ठाऊक आहे. मी सरळ वाटीत हात घालायला गेले तर तिनं मनगटच धरलं. "थांब गं, असा कोरडा नाही खायचा!" मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं कांदा चिरला, इतका बारीक की पोह्याच्या पाकळीवर एकेक कण बसावा. कोथिंबीर घेतली, फक्त पानं. ताटलीत चिवडा पसरला, वर कांदा-कोथिंबीर टाकली आणि लिंबाची फोड प्रत्येकीच्या हातात दिली. "घास घेताना पिळायचं. आधी पिळलंस तर पोहा बसतो."

पहिला घास घेतला आणि मी बोलायचीच थांबले. आधी पोहा कुरकुरला, मग कच्च्या कांद्याचा गारवा आला, आणि पाठोपाठ तळलेल्या कांद्याचा खमंगपणा. एकाच घासात कच्चा कांदाही आणि तळलेलाही, आणि दोघांची चव अगदी वेगळी. तिखट जिभेवर लगेच येत नाही, गिळल्यावर घशाशी येतं, आणि नेमकं तेव्हा लिंबू कामाला येतं. घरच्या चिवड्यात साखर आधार देते, इथे तो आधार आंबटाचा आहे. हा फरक मला साठीला टेकल्यावर कळला.

कोणाला चालणार नाही तेही सांगते. पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी खाऊ नका, मसाला चांगलाच झणझणीत आहे. पुडा फोडला की घट्ट झाकणाच्या डब्यात काढा आणि पावसाळ्यात चार दिवसांत संपवा. माझा एक डबा जुलैत सादळला. कढईत मंद आचेवर परतून पाहिला, पण ती पहिली कुरकुर काही परत आली नाही. घेताना पुड्यावरची तारीख बघा. मी ती बघितली असती तर नणंदेकडे खवट पुडा गेलाच नसता.

ताटल्या रिकाम्या होईपर्यंत साडेबारा वाजले होते. पंचवटीवाली घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता गौडसारंग रागाची वेळ झाली." तिनं जुना डेक लावला. आधी खरखर, मग तानपुरा, आणि त्यातून एक आवाज वर आला. मोकळा, स्वच्छ, कुठेही जोर न लावलेला. 'पियु पल न लागी'. मी मराठी-हिंदी सिनेगीतांवर वाढलेली बाई. शास्त्रीय गाणं लागलं की शब्द शोधायचे आणि सापडले नाहीत की उठून कामाला लागायचं, हीच माझी सवय. त्या दिवशी उठले नाही. मैत्रिणीनं माझा हात हातात घेतला आणि हवेत रेघ काढून दाखवली: ग, रे, म, ग. पुढे जायचं, मागे यायचं, मग उडी मारून परत जागेवर. "हा सरळ चालतच नाही. बिहाग रात्रीचा राग, म्हणून याला दिवसाचा बिहाग म्हणतात." दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मीच बोटानं ती वाट काढत होते, आणि तान सुटली तरी बोट चुकलं नाही, कारण पलुस्करांच्या तानेत प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, निवडलेल्या तांदळासारखा.

"कुठले गं हे?" मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, नाशिकचे!"

२८ मे १९२१ रोजी पलुस्करांचा जन्म नाशकात झाला. वडील पंडित विष्णु दिगंबर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे इथे पंचवटीत रामनाम आधाराश्रम. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. मग विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिक्षण, आणि १९३५ मध्ये, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात पहिलं मोठं गाणं. ऑक्टोबर १९५५ मध्ये, ३४व्या वर्षी ते गेले. माझा धाकटा मुलगा आज ३० वर्षांचा आहे. ते ऐकून काही वेळ आम्ही तिघीही बोललो नाही.

आणि 'बैजू बावरा'! लहानपणी सटाण्याला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मी तो पाहिला होता. तानसेन आणि बैजूचा सामना होतो, त्यात तानसेनाचा आवाज अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूचा पलुस्करांचा. तो आवाज मी इतकी वर्षं ओळखत होते, फक्त नाव ठाऊक नव्हतं. ज्या पंचवटीत मी भाजी आणायला जाते, तिथलं ते नाव.

ऐकायचं कसं, याबद्दल थोडं. त्यांच्या बऱ्याच तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. आपण जरा टेकतो आणि गाणं संपतं, म्हणून लागोपाठ दोनदा लावा. मोबाइलच्या स्पीकरवर तानपुरा हरवतो, निदान कानात घालायचं तरी वापरा. इंटरनेटवर मला वेग बिघडलेल्या प्रतीही भेटल्या, त्यांत आवाज चिरका लागतो. तसं झालं तर दुसरी प्रत शोधा, गायकाला दोष देऊ नका. शास्त्रीयची सवय नसेल तर भजनांपासून सुरुवात करा. 'ठुमक चलत रामचंद्र' ऐकताना स्वयंपाकही होतो. गौडसारंग ऐकताना माझी पोळी करपते. आणि श्री रागातलं 'हरि के चरण कमल' दिवस मावळताना. तेव्हा आमच्याकडे काही खायचं नसतं, चहासुद्धा नंतर. हा नियम पंचवटीवालीचा, आणि मला तो पटला आहे.

भद्रकालीवालीनं त्यानंतर सायंतारात साबुदाणा वडा खायला नेलं, मखमलाबाद रस्त्याला झाडाखाली बसवून काळ्या रश्श्याची मिसळ आणि वर जिलबी खाऊ घातली. मिसळीवर कधीतरी सविस्तर लिहीन. आज चिवड्याचा दिवस आहे.

परवा नणंदेला ठाण्याला पुडा पाठवला, तारीख दोनदा वाचून. आत चिठ्ठी घातली: कांदा अगदी बारीक, लिंबू घासागणिक, आणि बारानंतर मी पाठवलेलं गाणं लाव. काल पाऊण वाजता तिचा फोन आला. मागे तानपुरा चालू होता. "वहिनी, लिंबू संपलं," ती म्हणाली, "थांब, खाली जाऊन आणते, फोन ठेवू नकोस." मी फोन कानाला लावून बसले. तिकडे घरात कुणी नव्हतं आणि पलुस्कर गात होते.