फायरप्लेस गॅसचं की लाकडाचं?
कॅनडा-अमेरिकेत घर घेताना हा प्रश्न हमखास येतो. लाकडाचं उघडं फायरप्लेस दिसायला एक नंबर, पण बरीचशी ऊब धुराड्यातून वर जाते आणि घरातली गरम हवा पण सोबत ओढून नेते, शिवाय राख काढा, दरवर्षी चिमणी साफ करा नाहीतर आत साचलेलं क्रिओसोट (धुरातून जमणारा डांबरासारखा थर) पेट घेऊ शकतं. डायरेक्ट व्हेंट गॅसवाल्यात काच सीलबंद, हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो. आणि पायलट, म्हणजे आतली छोटी ज्योत, पेटती राहणारं मॉडेल असेल तर बर्फाच्या वादळात लाईट गेली तरी चालतं, कारण त्या छोट्या ज्योतीच्या उष्णतेवरच गॅसच्या व्हॉल्व्हपुरती वीज तयार होते, फक्त ब्लोअर (गरम हवा खोलीत सोडणारा पंखा) बंद राहतो. माझं मत गॅसलाच! घरात लहान मुलं असतील तर जाळी लावाच, काच भयंकर तापते.