जीवरक्षकांचा डिजिटल रेडिओ: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यावर स्वयंसेवी जीवरक्षकांचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि २५ एप्रिलच्या अ‍ॅन्झॅक डेच्या (युद्धस्मृतिदिनाच्या) सुमारास संपतो. राज्यात सर्फ लाइफ सेव्हिंगचे १२९ क्लब आहेत. पोलीस, अग्निशमन आणि अ‍ॅम्ब्युलन्स ज्या सरकारी डिजिटल जाळ्यावर बोलतात, त्याच प्रकारचे पी२५ (आणीबाणी सेवांच्या डिजिटल रेडिओचे एक मानक) संच आता वाळूवरही आलेत. सिडनीतल्या एका क्लबमध्ये असे संच हंगामभर वापरून झाल्यावर हे लिहितो आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: जुन्या अ‍ॅनालॉगकडे परत जाण्यात अर्थ नाही. पण जुन्या सवयी तशाच ठेवून नवा संच हातात घेतला तर तो पहिल्याच गर्दीच्या रविवारी दगा देतो.

आधी प्रत्येक भागाचा आपला रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारे यंत्र) आणि आपली ठरलेली फ्रिक्वेन्सी असे. ट्रंक जाळ्यात, म्हणजे सगळ्यांनी वाहिन्या वाटून वापरायच्या जाळ्यात, फ्रिक्वेन्सी कोणाच्याच मालकीची नसते. संच सतत कंट्रोल चॅनल, म्हणजे कोणाला कुठली वाहिनी मिळाली हे सांगणारी वाहिनी, ऐकत असतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो आधी जाळ्याकडे मोकळी वाहिनी मागतो, ती मिळाली की तुमच्या टॉकग्रुपमधले (एकमेकांशी बोलणाऱ्या गटातले) सगळे संच त्या वाहिनीवर खेचले जातात आणि मग ‘टिप’ असा आवाज येतो. याला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्या टिपच्या आधी उच्चारलेला शब्द हवेत जातच नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ याच अर्ध्या सेकंदाने होतो. ‘दोन नंबर झेंड्याजवळ’ असा निरोप ‘झेंड्याजवळ’ एवढाच पोहोचतो आणि नियंत्रण कक्ष, म्हणजे सर्फकॉम, विचारत बसतो: कुठला झेंडा? तातडीच्या निरोपाची सुरुवात ‘रेस्क्यू, रेस्क्यू, रेस्क्यू’ अशी तीनदा करण्याचा जुना रिवाज इथे फार उपयोगी पडतो, कारण पहिला कापला गेला तरी दोन उरतात. बाकी निरोपांसाठी क्रम असा ठेवावा: बटण दाबा, टिप ऐका, एक श्वास घ्या, समोरच्याचे नाव घ्या, मग आपले, मग मजकूर. टिपऐवजी जाड, रेकणारा आवाज आला तर वाहिन्या भरल्या आहेत किंवा संच कक्षेबाहेर आहे. रांगेत असाल तर बटण सोडून थांबा, वाहिनी मोकळी होताच संच स्वतः टिप देतो. पुन्हापुन्हा दाबत राहिलात तर दर वेळी नवी मागणी जाते आणि खोळंबा वाढतो.

दुसरी गोष्ट सवयीची नाही, डिजिटलच्या स्वभावाची आहे. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी होऊ लागला की खरखर वाढायची, म्हणजे आपण कडेला आलोय हे कानालाच कळायचे. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग दोन-तीन शब्द बुडबुड्यांसारखे फुटतात आणि पुढे शांतता. पूर्वसूचना अशी मिळतच नाही. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी खडकाळ भूशिरामागे फारशा वळत नाहीत. त्यात फुगवता येणाऱ्या रबरी बोटीत बसलेल्या माणसाचा अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच. बोट दोन लाटांच्या खळग्यात उतरली की समोर पाण्याची भिंत. कमरेला लावलेला संच तर ओल्या अंगाआडच जातो. म्हणून बोटीतल्या साथीदाराने संच छातीवर, खांद्याजवळ बांधावा, अँटेना उभा ठेवावा आणि बोट लाटेच्या माथ्यावर असताना बोलावे.

यावरचा खरा उपाय म्हणजे डायरेक्ट मोड. यात संच जाळ्याला वळसा घालून थेट समोरच्या संचाशी बोलतो. हा मोड गोल खटक्याच्या अगदी शेवटच्या जागेवर बसवून घ्या, म्हणजे ओल्या हाताने, न बघता, खटका पूर्ण फिरवला की झाले. मात्र डायरेक्ट मोडवरचे बोलणे सर्फकॉमला ऐकू येत नाही. त्यामुळे टॉवरवरच्या माणसाकडे दोन संच हवेतच: एक जाळ्यावर, एक बोटीबरोबर. क्लबांनी पैसे वाचवायला हा दुसरा संच गाळू नये. वाचवायचेच असेल तर महागड्या कानातल्या तारा गाळा, त्या पहिल्याच महिन्यात खाऱ्या पाण्याने मरतात.

आवाजाविषयी. पी२५ मधला कोडेक (आवाजाचे डिजिटल रूप करणारा भाग) माणसाच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून त्यांचे गणिती वर्णन पाठवतो. तो बोलण्यासाठीच घडवलेला, त्यामुळे २५ अश्वशक्तीचे इंजिन, वारा आणि फुटणारी लाट यांना तो बोलणेच समजू पाहतो आणि सगळ्याची खिचडी करतो. ओरडून तर आणखी बिघडते. गती कमी करून इंजिन आयडलवर आणा, वाऱ्याकडे पाठ करा, मायक्रोफोन तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर किंचित तिरका धरा आणि साध्या आवाजात बोला. जाळीत पाणी अडकले असेल तर आवाज रजईतून आल्यासारखा येतो. संच उलटा करून दोन झटके द्या, सुटतो. काही जण अजून जुन्या सवयीने प्लास्टिकच्या पिशवीत संच घालतात. आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) संचाला तिची गरज नाही, पण आयपी६७ असेल तर लक्षात ठेवा की ती चाचणी एक मीटर खोल, तीस मिनिटे, स्थिर गोड्या पाण्यातली असते. लाटेचा तडाखा त्यात धरलेला नाही. आणि पाण्यात टिकतो म्हणजे तरंगतो असे नव्हे, म्हणून फ्लोट असलेला पट्टा लावाच.

नारिंगी आणीबाणीचे बटण ही या जाळ्याची मोठी देणगी आहे. ते दाबले की संचाचा ओळख क्रमांक कक्षाच्या पडद्यावर येतो आणि तुमच्या बोलण्याला प्राधान्य मिळते. पण बटणाची वेळ फार कमी ठेवली तर लाइफजॅकेटच्या पट्ट्यानेही ते दाबले जाते. दीड-दोन सेकंद धरून ठेवावे लागेल अशी रचना तंत्रज्ञाकडून करून घ्या, आणि चुकून गेलेला इशारा रद्द कसा करायचा याची प्रत्येक पॅट्रोलच्या सुरुवातीला, सर्फकॉमला हजेरी देतानाच, एकदा उजळणी करा.

खारे पाणी हा रोजचा शत्रू. दिवस संपला की बॅटरी लावलेलीच ठेवून संच वाहत्या गोड्या पाण्याखाली धरा. जोरदार फवारा नको, तो रबरी कडीतून आत घुसतो. मग पुसा, बॅटरी काढा, त्या कडीवर वाळूचा कण नाही ना ते बोट फिरवून पाहा. एक कणही गळतीला पुरतो. चार्जिंगचे पितळी ठिपके हिरवे पडू लागले की समजा ओलाच संच चार्जरवर ठेवला जातोय. बॅटरी हिवाळ्यात पूर्ण भरून कपाटात टाकू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून काढून ठेवा.

काही गोष्टी या संचाकडून मागूच नयेत. तो मासेमारी नौकांच्या सागरी व्हीएचएफ चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, बोलत नाही. त्यासाठी वेगळा संच हवा. टॉकग्रुप क्लबला स्वतः बदलता येत नाही, प्रोग्रामिंग तंत्रज्ञच करतो, म्हणून बदलांची यादी हंगामाआधी द्या. संच हरवला तर लगेच कळवा, तो जाळ्यावरून दुरूनच बंद करता येतो.

कोकणात किंवा गोव्यात असे काही उभारायचे असेल, तर भूशिरांचा प्रश्न तिथेही तोच आहे. केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगचा परवाना तर लागेलच, पण त्याच्याही आधी भर ओहोटीला आणि भर भरतीला, पाण्यात छातीपर्यंत उभे राहून, कुठून आवाज पोहोचतो याचा नकाशा काढा. टॉवरवरून काढलेला नकाशा उपयोगाचा नाही.