एस्केटामाइन नेझल स्प्रे : सात महिने, सत्तावीस डोस

आधीच सांगते, या औषधाने मला आनंद वगैरे झाला नाही. झालं ते एवढंच : पाचव्या डोसनंतरच्या एका सकाळी मी दात घासून, आंघोळ करून, केस विंचरून बाहेर आले आणि मग लक्षात आलं की यातल्या एकाही कामासाठी मला स्वतःची मनधरणी करावी लागली नव्हती. हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही ते सुदैवी आहेत. ज्यांना कळलं, त्यांच्यासाठी पुढचं लिहितेय.

माझं डिप्रेशन चिवट. डॉक्टरांच्या भाषेत ‘ट्रीटमेंट रेझिस्टंट’, म्हणजे किमान दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही न हटणारं. माझी तीन झाली होती. एकाने दिवसभर झोप आणली, दुसऱ्याने वजन वाढवलं, तिसऱ्याने काहीच केलं नाही, आणि त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं. ते चालू ठेवूनच डॉक्टरांनी स्प्रे सुचवला.

केटामाइन हे भुलीचं औषध, अमेरिकेत १९७० पासून मान्यता असलेलं. त्याच्या रेणूची दोन रूपं असतात, वस्तू आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब असावं तशी. त्यातलं एक म्हणजे एस्केटामाइन. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने मार्च २०१९ मध्ये चिवट नैराश्यासाठी हा स्प्रे मंजूर केला तेव्हा सोबत नैराश्याची नेहमीची गोळी घेण्याची अट होती. जानेवारी २०२५ पासून तिथे नुसत्या स्प्रेलाही मान्यता आहे. नेहमीच्या गोळ्या बहुतेक करून मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या वाटेने जातात, हे औषध ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या. माझ्या डोक्यात पहिल्या वाटेवर तीनदा रस्ता बंद निघाला होता, म्हणून मी हो म्हटलं.

नाव स्प्रे असलं तरी हे सर्दीच्या औषधासारखं घरी आणून कपाटात ठेवता येत नाही. दर वेळी क्लिनिकमध्येच जायचं. दोन तास आधीपासून खायचं नाही, अर्धा तास आधीपासून पाणीही नाही, कारण मळमळ. गेल्यावर आधी बीपी. १४०/९० च्या वर असेल तर डोस द्यायचा की नाही यावर डॉक्टर विचार करतात, कारण औषधानेही बीपी काही वेळ वाढतं. एकदा उशीर झाला म्हणून मी जिने धावत चढले आणि आकडा बघून सिस्टरनी मला वीस मिनिटं गप्प बसवून ठेवलं. तेव्हापासून लवकर निघते.

एका उपकरणात २८ मिलिग्रॅम औषध, दोन फवाऱ्यांचं, प्रत्येक नाकपुडीत एक. ५६ च्या डोसला दोन उपकरणं लागतात, ८४ ला तीन, आणि दोहोंच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं. वर दोन हिरवे ठिपके असतात, एकेका फवाऱ्यानंतर एकेक जातो. इतर स्प्रेच्या सवयीने आधी हवेत उडवून बघू नका, तेवढं औषध वाया जातं. फवारायचं आपलं आपणच, सिस्टर नुसत्या बघतात. डोकं मागे टेकवायचं, फवारायचं आणि हलकेच आत ओढायचं. मी पहिल्यांदा जोर लावला आणि सगळं घशात. ती चव! जुनं नाणं कडू काढ्यात बुडवून चोखावं तशी. फवारे संपल्यावर चघळायला गोळी मिळते का, हे विचारून ठेवा.

मग सुरू होतं ते डिसोसिएशन, म्हणजे आपण आपल्यापासूनच सुटे झाल्यासारखं वाटणं. ओठ बधिर होतात, हात आपलेच असतात पण जरा लांबून दिसतात. साधारण चाळिसाव्या मिनिटाला सगळ्यात जास्त, दीड तासात बहुतेक ओसरतं. पहिल्या वेळी मी घाबरले होते. खुर्चीला तळच नाही असं वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, “धरून ठेवू नका, येऊ द्या,” आणि त्या एका वाक्याने पुढचे सव्वीस डोस सोपे केले. शब्द नसलेलं संगीत ऐका, डोळ्यांवर पट्टी घ्या आणि फोन दुसऱ्याकडे द्या. दुसऱ्या डोसला मी ताईला मेसेज पाठवला होता, ‘भिंत किती प्रेमळ आहे’. तिने तो जपून ठेवलाय.

डोसनंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसावं लागतं आणि रात्रीची नीट झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही. म्हणजे सोबत कुणीतरी हवंच. माझ्या बाबतीत औषधाइतकंच श्रेय ताईच्या सुट्ट्यांना आहे. हा खर्च कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

माझी खरी तक्रार पहिल्या क्लिनिकबद्दल आहे. तिथे रिसेप्शनच्या शेजारी पडदा लावून खाट टाकली होती. मी जगापासून अर्धी सुटलेली आणि पलीकडे कुणीतरी फोनवर बिलाचा वाद घालतंय. चार डोसनंतर जागा बदलली. पाचव्यापासून फरक पडला हा योगायोगच असेल, पण औषध सुरू करण्याआधी ती खोली बघून या.

पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे आठवड्यातून एकदा. दर वेळी पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरायची, २७ पैकी गुण, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. माझे २२ होते. आठव्या आठवड्याअखेर ९. सातव्या आठवड्यात मी नवव्या प्रश्नासमोर, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांच्या प्रश्नासमोर, शून्य लिहिलं आणि खरं लिहिलं. आधी दोन-तीनदा, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलं होतं. तसं करू नका, त्यांना ते कळतं.

नवव्या आठवड्यापासून मी हौसेने पंधरवड्यावर गेले आणि तोंडावर आपटले. दहाव्या दिवसापासून सकाळी पुन्हा ती मनधरणी सुरू झाली. गुण १५. मला वाटलं संपलं, हेही औषध हरलं. डॉक्टरांनी शांतपणे पुन्हा दर आठवड्याला बोलावलं. तसे आठ डोस झाल्यावर परत पंधरवडा धरला, या वेळी तो टिकला. सध्या ७ वर आहे.

मळमळ दहाव्या डोसनंतर गेली. डोसच्या दिवशी संध्याकाळी मात्र अजूनही पिळून काढल्यासारखी थकते, त्या दिवशी कुठलंही महत्त्वाचं बोलणं ठेवत नाही. केटामाइन दीर्घकाळ घेणाऱ्यांना मूत्राशयाचा त्रास होऊ शकतो, म्हणून लघवीला जळजळ होते का, वारंवार जावं लागतं का, हे मला दर वेळी विचारतात. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. रक्तवाहिनीला फुगा असलेल्यांना किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्यांना हे औषध देत नाहीत, तेव्हा जुने कागद लपवू नका.

आता बंद कधी करायचं, हे मी मागच्या भेटीत विचारलं. डॉक्टरांनी २०१९ ची एक चाचणी दाखवली. स्प्रेने बरे होऊन स्थिरावलेल्यांपैकी ज्यांचा स्प्रे चालू राहिला त्यांच्यात २६.७ टक्क्यांचा आजार उलटला, ज्यांना नकळत औषध नसलेला स्प्रे दिला त्यांच्यात ४५.३. मी दोन्ही आकडे बराच वेळ बघत बसले. चालू ठेवूनही शंभरातले सव्वीस-सत्तावीस. मग पुढच्या पंधरवड्याची तारीख घेतली आणि बाहेर येऊन ताईला विचारलं, गुरुवारी सुट्टी मिळेल का.