अकरा हजारांत अडकलेली कादंबरी

वडिलांच्या कादंबरीवर सिनेमा करायचाय म्हणून अंधेरीहून एक निर्माता आमच्या घरी आला. आईच्या पाया पडला, "काकू, सरांच्या या पुस्तकाची मी पारायणं केलीत," म्हणाला आणि अकरा हजारांचा चेक पुढे ठेवला. तोंडी बोलणं असं: हे नुसतं टोकन. दीड वर्ष पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. तोवर पैसा उभा राहिला नाही तर हक्क तुमचे तुम्हाला, शूटिंग लागलं तर मोठी रक्कम. या धंद्यात याला ऑप्शन म्हणतात आणि ती रीत अगदी खरी आहे, म्हणून तर हा डाव खपतो. स्टॅम्पपेपरला जोडलेला इंग्रजी मजकूर मात्र ऑप्शनचा नव्हताच. ते सरळसरळ असाइनमेंट, म्हणजे हक्कच त्याच्या नावावर करून देणं होतं: सर्व भाषा, सर्व माध्यमं, जगभर, कायमचं. मोबदला अकरा हजार, पूर्ण आणि अंतिम.

पुढे एका चांगल्या दिग्दर्शकाने वेबमालिकेसाठी विचारणा केली. वारस कोण, प्रकाशकाकडे कुठले हक्क, आधी कुणाशी करार झालाय का, हे सगळं त्यांच्या वकिलांनी तपासलं आणि गाडी त्या कागदापाशी अडली. निर्मात्याने ना-हरकत पत्राचे आठ लाख मागितले! सिनेमा त्याला करायचाच नसावा. हक्क गोळा करायचे आणि खरं गिऱ्हाईक येईपर्यंत दबा धरून बसायचं.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ खरं तर लेखकाला सांभाळणारं आहे. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते परत येतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. आमच्या कागदात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: कलम १९(४) या कराराला लागू नाही. वर्षभराची ती सोय तिथेच संपली. वापर न केल्याबद्दल असाइनमेंट रद्द करून मागता येतं, पण त्यासाठी तक्रार करावी लागते आणि चौकशी झाल्यावरच तसा आदेश मिळू शकतो. दिग्दर्शक कशाला थांबतोय? त्याने दुसरी कादंबरी घेतली.

तुमच्याकडे कुणी आलंच तर सही करण्याआधी कागदात ही १९(४) ची ओळ शोधा आणि हक्क परत येण्याची तारीख लिहून घ्या. हाच माणूस हल्ली कोकणातल्या एका दिवंगत लेखकाच्या घरी जाऊन आलाय. त्यांच्या मुलीने मसुदा मला पाठवला. पुस्तकाचं नाव तेवढं बदललंय.