सावलीतल्या कोपऱ्यात वसंतात फुलणारं काय लावावं: अमरिलिस, फुटबॉल लिली की पीस लिली?

नर्सरीत तिन्ही कुंड्या एकाच हिरव्या जाळीखाली ठेवलेल्या असतात, म्हणून घरीही तिन्ही सारख्याच फुलतील असं वाटतं. तसं होत नाही. आधी आपली सावली तपासा. दुपारी बाराला जागेवर पांढरा कागद ठेवा आणि फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा पुसट असल्या तरी हाताचा आकार कळत असेल, तर ती उजळ सावली. आकारच उमटला नाही, तर तिथे फुलांची आशा सोडा. पीस लिलीची पानं तेवढी जगतील.

अमरिलिसमध्ये फसगत जास्त होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका दांड्यावर चार मोठी फुलं येतात, पण ती पहिल्या वर्षी. ती कळी विकणाऱ्याच्या उन्हात कंदात तयार झालेली असते. पुढच्या वर्षीची कळी फुलांनंतरच्या पानांवर अवलंबून, आणि त्या पानांना रोज तीन-चार तास ऊन लागतं. उत्तरेच्या गॅलरीत ते मिळत नाही: पुण्याच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो तो मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. पूर्वेचं सकाळचं ऊन असेल तरच अमरिलिस घ्या.

झाडाखालच्या उजळ सावलीसाठी आमचं मत फुटबॉल लिलीला. पंचांगाचा वसंत चैत्र-वैशाखाचा, आणि ही फुलते ती वैशाखातच, एखादा वळीव पडून गेल्यावर. एका कंदाला एकच लाल गोळा, तोही आठवडाभर टिकणारा; म्हणून 12 इंची कुंडीत तीन कंद लावा. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कंदाची मान मातीच्या पातळीला. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडली की पाणी बंद करायचं. ‘रिकाम्या’ कुंडीला हिवाळाभर पाणी घालत राहिल्यानेच बहुतेक कंद सडतात. मुळं हलवलेली हिला खपत नाहीत, एखादं वर्ष रुसते. तीन-चार वर्षं कुंडी बदलू नका.

पावसाळ्यात अमरिलिस आणि फुटबॉल लिली या दोन्हींवर काळ्या अंगाची, पांढरट-पिवळ्या पट्ट्यांची अळी पडते. पानं फस्त करून ती कंदात शिरते. पानांच्या मागे पिल्लं घोळक्याने असतात तेव्हाच वेचा; मोठ्या अळीला निंबोळी तेल पुरत नाही.

बारमाही हिरवं हवं असेल तर पीस लिली. मात्र विकत आणताना भरपूर फुललेली दिसते ती अनेकदा जिबरेलिक आम्लाची (फुलं आणणाऱ्या संप्रेरकाची) फवारणी केलेली असते. घरी पुढचा बहर यायला वर्षही लागतं. नत्राचं खत ओतलंत तर पानंच माजतात. बोअरच्या क्षारांनी पानांची टोकं करपतात, तेव्हा महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. पानं माना टाकतात तेव्हा मातीत बोट घाला: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं कुजली आहेत.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर तिन्ही त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. अमरिलिस आणि फुटबॉल लिलीचे कंद विषारी असतात आणि पीस लिलीच्या पानाने तोंडाची आग होते.

क्लिव्हिया या सावलीतल्या आणखी एका फुलझाडाचा मोह महाबळेश्वर-पाचगणीकरांनी धरावा. सहा-आठ आठवडे गारवा मिळाला नाही तर तिचा दांडा पानांच्या बेचक्यातच अडकून फुलतो.